मशीन क्रमांक कळवा

आधी एक सांगून टाकते, थेंबूला मी जन्म दिलेला नाही. ते पाप पेन्सिलचं. पेन्सिल म्हणजे आमच्या ऑफिसातला चित्रकार. अंगाने तसाच, म्हणून हे नाव. आमची कंपनी गीझर बनवते. गीझरला चेहरा नसतो, आणि सोशल मीडियावर चेहऱ्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही. म्हणून पेन्सिलने एका दुपारी पाण्याचा एक थेंब काढला, त्याला डोळे दिले, गालांवर खळ्या दिल्या आणि काहीही झालं तरी मिटणार नाही असं हसू दिलं. तेव्हापासून कंपनीच्या पानावर जे काही बोललं जातं ते हा थेंबू बोलतो. तोंड त्याचं, बोलणं माझं. लोक त्याचे लाड करतात, कधी शिव्या घालतात. मला कुणी ओळखत नाही, आणि मला ते बरंच वाटायचं.

पूर्वी मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. कुणाच्या नळातून गढूळ पाणी येतंय, कुणाच्या सासूबाई वाफेला घाबरतात, सगळ्यांशी दोन शब्द बोलायचे. मग अ‍ॅपवाल्यांनी नवीन खूळ काढलं: जे पान झटपट उत्तर देईल त्याच्या नावापुढे हिरवी खूण. ती खूण दुसऱ्या एका गीझरवाल्यांना आधी मिळाली आणि दादांची झोप उडाली. त्यांनी मला साचे करायला लावले. साचा म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. पाणी गार आलं, हा साचा. फार गरम आलं, तो साचा. नुसतंच कौतुक आलं तर आभाराचा साचा. आणि प्रत्येक साच्याचं शेपूट एकच: 'मशीन क्रमांक कळवा.' पुढे अ‍ॅप इतकं शहाणं झालं की कुणी काही लिहिलं की साचा आपणच वर यायचा, आम्ही फक्त बोट टेकवायचं. हिरवी खूण मिळाली. दादांनी केक कापला.

दादा म्हणजे आमचे मार्केटिंगचे साहेब. साहेब म्हटलं की ते दुखावतात. 'हे ऑफिस नाही, कुटुंब आहे,' असं ते दिवसातून इतक्यांदा म्हणतात की घरी गेल्यावर बायकोशी कुठल्या भाषेत बोलतात कोण जाणे. माणसं कामावर घेणारी आणि काढणारी बाई ती ताई. नात्यांचा असा सुकाळ, पण वेळ आली की सख्खं कुणी नाही. ही वेळ मी एकदा डोळ्यांनी पाहिली होती.

हिशेबाच्या टेबलावर एक शांत माणूस होता, त्याला आम्ही मुनीम म्हणायचो. कामाला चोख. त्याने एकदा सरळपणे दादांना सांगितलं, मी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जातो, आठवड्यातून एकदा लवकर निघावं लागेल. दादांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. 'आपल्या घरात असं मोकळेपणाने बोललं पाहिजे,' म्हणाले. कुणीतरी त्या मिठीचा फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी मुनीम आला तर टेबलावरची त्याची कात्री नव्हती. कागद कापायची पातीही नव्हती. शेजारच्याने खुर्ची हळूच पलीकडे सरकवली होती. मग मोठ्या ग्राहकांची कामं दुसऱ्याकडे गेली, त्याच्या भल्यासाठी. मग बैठकीचं बोलावणं यायचं थांबलं, तेही त्याच्या भल्यासाठी. एवढं भलं माणसाला सोसतं का? तो गेला. 'स्वतःहून गेला हं,' असं ताई आजही सांगते.

मी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. माझ्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ऑफिसात सांगितलं, थायरॉइड. सल्ला आईचा. 'थायरॉइडला कुणी नावं ठेवत नाही गं,' ती म्हणाली. खरंच होतं. थायरॉइड म्हटल्यावर लोकांनी पथ्यं सांगितली, ओळखीचे डॉक्टर सुचवले, माझ्या वाटणीचं गोड स्वतः खाल्लं. गळ्याचा आजार चालतो. तोच वीतभर वर सरकला की माणूस संपला.

आता खात्यांचं सांगते, कारण सगळी गल्लत तिथेच झाली. माझी खाती तीन. एक थेंबूचं. दुसरं माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं. तिथे मावश्या, मामेभावंडं आणि अख्खं ऑफिस असल्याने मी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नसे. तिसरं बिननावाचं, फोटोत एक कोरी भिंत. त्या भिंतीआडून मी माझ्यासारख्यांचं लिहिलेलं वाचायचे, कधी दोन ओळी लिहायचे. पूर्वी एका खात्यातून बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्यात शिरता यायचं नाही. मग अ‍ॅप पुन्हा बदललं. आता सगळी खाती एकत्र. कोपऱ्यात नखाएवढं एक वर्तुळ, त्यात ज्याचा फोटो दिसेल त्याच्या तोंडून तुम्ही बोलणार. सोय म्हणे. माझ्या डोळ्यांना चाळिशी लागलेली, वर्तुळ नखाएवढं.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी डबा टेबलावरच उघडला आणि एका हाताने साचे टेकवत होते. तेवढ्यात एक प्रतिक्रिया आली. फोटोत पिवळी छत्री, नाव नाही. लिहिलं होतं:

'गीझर चांगला आहे. पण मी रोज बटण दाबते, पाणी तापतं, आणि मी बाथरूमच्या दारात बसून राहते. आत जायची ताकद नाही. पाणी गार होऊन जातं. मग बटण बंद करून परत झोपते. हे कुणाला सांगायचं कळलं नाही म्हणून इथे.'

खाली साचा उगवला, थेंबूच्या खळ्यांसकट: 'पाणी गार होतंय हे वाचून वाईट वाटलं! आमचा तंत्रज्ञ लगेच येईल. मशीन क्रमांक कळवा.'

माझा घास तोंडातच राहिला. ते दार मला माहीत होतं. त्या दारातली गार फरशी, चौकटीचा पाठीला रुतणारा कोपरा, आतून येणारा गरम वाफेचा वास, आणि आपल्याच घरातलं चार पावलांवरचं पाणी परक्याचं वाटणं. तो साचा माझाच होता. मीच लिहिला होता, उद्गारचिन्हासकट. त्या क्षणी मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

मी साचा बाजूला सारला, भिंतीच्या खात्यात गेले आणि लिहिलं: 'सगळी आंघोळ करूच नका. नुसते पाय धुवा आणि बाहेर या. मी तशीच सुरुवात केली होती. मीही गोळ्या घेते, ऑफिसात थायरॉइड म्हणून सांगते. केस धुवायला तर मला महिना लागला. आज पाय धुतलेत तर इथे येऊन एकच शब्द लिहा: पाय.'

डबा संपेपर्यंत उत्तर आलं. 'पाय.'

मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या ऑफिसात मोठ्याने हसले. मग नीट पाहिलं. त्या 'पाय'च्या वर माझी कोरी भिंत नव्हती. खळ्या पाडून हसणारा थेंबू होता. मी भिंतीच्या खात्यात गेलेच नव्हते. वर्तुळातला फोटो बदलला असं मला वाटलं होतं, एवढंच. कंपनीचा थेंब जगाला सांगत होता की तो गोळ्या घेतो आणि ऑफिसात थायरॉइड म्हणून सांगतो.

पुसायला बोट नेलं. पण तिने पाय धुतले होते. माझं पुसलं असतं तर तिचा तो शब्द एकटाच लटकत राहिला असता, तोही साऱ्या जगासमोर. मी बोट मागे घेतलं. होईल ते होईल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरले तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. रात्रीतून ते उत्तर कुठल्या कुठे पोचलं होतं. 'कंपनी असावी तर अशी,' 'थेंबू, तू माणसांपेक्षा बरा,' 'आजपासून हाच गीझर.' आणि खाली अनोळखी लोकांच्या ओळीच्या ओळी: पाय. पाय. दात. पाय. आज नखं कापली. मला हुंदका आला तो मी खोकल्यात लपवला.

"अगं, काय लिहिलंयस!" दादांनी माझे दोन्ही हात धरले. "'ऑफिसात थायरॉइड म्हणून सांगते'! हे सुचतं कसं तुला? वाचताना अंगावर काटा आला. अगदी खरं वाटतं. थेंबू बाई कधी झाला ते मात्र कळलं नाही, पण लोकांना तेही आवडलंय."

बोलायला जागाच नव्हती. दुपारपर्यंत मोहीम ठरली होती: 'फक्त पाय.' पेन्सिलला थेंबूला पाय काढायला सांगितलं.

"थेंबाला पाय कुठून आणू?" तो माझ्या टेबलाशी येऊन कुरकुरला. "आणि काढले की तो बदक दिसतो."

मला संवादप्रमुख करायचं ठरलं. शुक्रवारी पानावरून थेट कार्यक्रम: दादा आणि मी सोफ्यावर, मागे पुठ्ठ्याचा पाच फुटी थेंबू, विषय 'आम्हाला हे कसं सुचलं.' तोवर पानावरचं प्रत्येक उत्तर दादा स्वतः पाहून सोडणार. आता ते मौल्यवान झालं होतं ना.

छत्री रोज येत होती. 'पाय.' 'पाय आणि तोंड.' एके दिवशी, 'आज नाही जमलं.' त्यावर मी उत्तर लिहिलं, ते दादांनी अडवलं. 'नको, उदास वाटतं. लोकांना पुढे जाणारं आवडतं,' म्हणाले. मग बुधवारी तिने लिहिलं: 'थेंबूच्या मागे कुणी आहे का? इथे सगळे म्हणतायत की ही जाहिरात आहे, लेखकाकडून लिहून घेतलंय. तसं असेल तरी राग नाही. फक्त खरं काय ते सांगा. मी तुमच्या भरवशावर उठतेय. भरवसा एखाद्या माणसावर आहे की गीझरवर, एवढं मला कळू दे.'

खाली साचा उगवला. 'तुमच्या विश्वासाबद्दल धन्यवाद! मशीन क्रमांक कळवा.' आणि दादांच्या टेबलावरून कुणीतरी त्यावर बोट टेकवलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच दादांच्या खोलीत शिरले.

"दादा, ते मी रचलेलं नाही. माझंच आहे."

"तुझंच आहे गं. श्रेय कुणी काढून घेत नाही तुझं."

"श्रेय गेलं खड्ड्यात. गोळ्या माझ्या आहेत. खात्यांची गल्लत होऊन ते थेंबूच्या नावाने गेलं. थायरॉइड मला नाहीच."

दादांची खुर्ची चाकांची आहे. ती आपोआप हातभर मागे गेली. हसू तसंच होतं, फक्त आता ते थेंबूच्या हसण्यासारखं दिसत होतं. "ताईला बोलावूया," ते म्हणाले.

ताई आली, दार लावलं, आणि माझ्यासमोर कागदी रुमालांचा डबा ठेवला. मी रडत नव्हते. मी संतापले होते. पण संतापलेल्या बाईसमोर रुमाल ठेवला की ती आजारी दिसते, हे ताईला पक्कं ठाऊक.

"आम्हाला तुझी काळजी आहे," ती म्हणाली. "म्हणून पानाचा पासवर्ड काही दिवस पेन्सिलकडे राहू दे."

"का? मी काय बिघडवलं?"

"बिघडवलं नाहीस गं. पण उद्या तुझ्या मनात काहीबाही आलं आणि थेंबूच्या तोंडून बाहेर पडलं तर?"

"आलं होतं आणि पडलंही. त्याच्यावरच तर टाळ्या वाजवल्यात."

दादांनी घसा साफ केला. "हे बघ, लोकांनी ते रचलेलं म्हणून उचलून धरलंय. उद्या कळलं की आमच्या पानावर एक... म्हणजे तब्येत बरी नसलेली व्यक्ती बसते, तर? गीझर विजेवर चालतो. विश्वासाचा धंदा आहे आपला."

"म्हणजे खोटं असेल तर मी संवादप्रमुख आणि खरं असेल तर आजारी?"

"शब्दांत पकडू नकोस," दादा म्हणाले. तेच तर मला जमतं. त्याचाच पगार देत होते ना मला? मग त्यांनी सौदा सांगितला, तोही मोठ्या भावाच्या आवाजात. शुक्रवारी कार्यक्रमात दोनच वाक्यं बोलायची: 'हे मी कल्पनेने लिहिलं. आमच्या टीमने यावर खूप अभ्यास केला.' की बढती पक्की. "नाहीतर तू हवी तेवढी विश्रांती घे. आम्ही आहोतच."

बाहेर आले तर ताई मागोमाग आली. पाण्याच्या यंत्रापाशी कुणी नाही असं पाहून कुजबुजली, "कुठली गोळी आहे तुझी?"

मी नाव सांगितलं.

"माझी पण तीच. अर्धीच आहे पण. झोपेसाठी."

"तू पण? आणि मुनीमला तू घालवलंस?"

"हळू बोल ना!" तिने चटकन मागे पाहिलं. "म्हणून तर सांगतेय. बोलून टाक ती दोन वाक्यं. मी नाही का निभावून नेत?"

"अर्धी गोळी म्हणजे अर्धंच माणूस काढायचं, असं तरी करायचंस," मी म्हटलं. ती ग्लास तसाच टाकून गेली. मला तिची कीव आली नाही. पुढे येईल कदाचित, आजतागायत आलेली नाही.

टेबलाशी आले. पेनांच्या डब्यात पेनं होती, पट्टी होती. माझी कात्री नव्हती.

खोलीतून बाहेर पडून टेबलाशी येईपर्यंतच्या वेळात कुणीतरी ती उचलली होती. कुणी ते मी विचारलं नाही. सगळे खाली माना घालून काम करत होते, इतके मन लावून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती साधी कात्री होती, कडी सैल झालेली, पाकिटं उघडायची. मला त्या कात्रीचा जेवढा राग आला तेवढा दादांच्या सौद्याचाही आला नव्हता. मला मारायला निघालेल्यांनी माझ्यापासून मला वाचवायचं नाटक करावं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हात धुवायला गरम पाणी आमचंच.

घरी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बोलून टाक दोन वाक्यं," ती म्हणाली. "थायरॉइड म्हणतेसच ना इतके दिवस? तसंच हे."

"थायरॉइड मी माझ्यापुरतं म्हणत होते गं. हे तिला म्हणायचंय. ती विचारतेय, माणूस आहे का म्हणून."

"ती कोण, कुठली! उद्या नोकरी गेली तर ती येणारे का?"

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने आयुष्यभर मला वाचवायचंच पाहिलं, आणि वाचायचं तर गप्प बसायचं, एवढंच तिला कुणीतरी शिकवलं होतं.

शुक्रवारी मला आकाशी सदरा घालायला सांगितलं होतं, कंपनीच्या रंगाचा. दिवे डोळ्यांवर, मागे पुठ्ठ्याचा थेंबू; पेन्सिलने शेवटी त्याला पाय काढले होते आणि तो खरंच बदक दिसत होता. समोरच्या पडद्यावर लोकांच्या प्रतिक्रिया वर सरकत होत्या. त्यात पिवळी छत्री दिसली. तिने काही लिहिलं नव्हतं, नुसती हजेरी लावली होती.

"तर मंडळी," दादा म्हणाले, "ज्या लेखणीने तुम्हा सगळ्यांना रडवलं ती ही आमची लाडकी बहीण! सांग बरं, कसं सुचलं हे?"

मी ती दोन वाक्यं पाठ केली होती. खोटं कशाला बोलू, तोंडाशी आलीही होती. आईचा चेहरा समोर आला होता. पण त्या पडद्यावर छत्री थांबली होती.

"सुचलं नाही," मी म्हटलं. "झालं. मी बाथरूमच्या दारात बसायचे. पाणी गार व्हायचं. छत्रीवाल्या बाई, तुम्ही विचारलंत ना, माणूस आहे का? आहे. मी आहे. थेंबूला काही होत नाही, तो पुठ्ठ्याचा आहे."

दादा टाळ्या वाजवू लागले. "बघा, बघा! किती जीव ओतते! असं वाटतं की अगदी अनुभवातूनच..."

तेव्हा मला कळलं की हे लोक माझं खरंही विकतील. मी रडले असते तर अश्रूंवर गीझर छापला असता. माझा आवाज चढला, आणि मी तो चढू दिला. पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून कॅमेऱ्यापुढे धरली. अर्ध्या खिडक्या फुटलेली, चुरगळलेली, माझं नाव लिहिलेल्या दुकानाच्या पाकिटासकट.

"ही थायरॉइडची नाही," मी म्हटलं. "मी हे मनाने रचलंय असं म्हटलं तर मला बढती आहे, आणि खरं आहे म्हटलं तर विश्रांती. या ऑफिसात एकाने खरं सांगितलं होतं, त्याची कात्री नेली. परवा माझी नेली. या कात्र्या ठेवता तरी कुठे तुम्ही? सगळ्यांचा मिळून केवढा ढीग झाला असेल! आणि ज्यांनी नेल्या त्यांच्या ड्रॉवरमध्ये बघा, हीच गोळी सापडेल, अर्धी अर्धी क..."

दिवे गेले. पडद्यावर थेंबू आला: 'तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत!' दिव्याच्या बटणापाशी ताई उभी होती. तिचा चेहरा मला अंधारात दिसला नाही.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. कुणी ओरडलं नाही. दादांनी 'तुझ्या भल्यासाठी' म्हटलं, ताईने कागद पुढे केला, पेन्सिलने माझं सामान खोक्यात भरून दिलं आणि डोळे पुसत म्हणाला, "मला घर आहे गं चालवायला." सगळ्यांनाच असतं. पानावर आठवडाभर निळी फीत झळकत होती: 'मनाचं आरोग्य, आमची जबाबदारी.' माझं ते पहिलं उत्तर त्यांनी काढलं नाही. त्यावर अजून गिऱ्हाईक येत होतं. खाली लोक विचारत होते, 'ती थायरॉइडवाली ताई कुठे गेली?' आणि प्रत्येकाखाली तत्परतेने थेंबू: 'तुमच्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद! मशीन क्रमांक कळवा.' हिरवी खूण शाबूत होती.

राग हे चांगलं इंधन आहे, पण संपतं. माझं घरी आल्यावर संपलं. मावश्यांचे फोन आले, आईने ते बाहेरच्या खोलीत घेतले आणि हळू आवाजात संपवले. मी गादीवर होते. एके सकाळी आईने बटण दाबलं, हाक मारली, "पाणी तापलंय गं." मी उठले, बाथरूमपर्यंत गेले आणि दारात बसले. तीच फरशी, तोच चौकटीचा कोपरा. आतून वाफेचा वास येत होता. आई दोनदा येऊन पाहून गेली. पाणी गार होत गेलं आणि मला वाटलं, जिंकले ते. नोकरी गेली त्याचं नाही, पण त्यांनी माझ्याबद्दल जे म्हटलं ते खरं करून दाखवायला मीच इथे बसलेय.

फोन वाजला. माझ्या नावाच्या खात्यावर संदेश होता. फोटोत पिवळी छत्री.

'ताई, तुम्हाला शोधायला वेळ लागला. त्या पाकिटावरचं नाव कुणीतरी मोठं करून वाचलं, त्यावरून सापडलात. नोकरी गेल्याचं कळलं. एक विचारू? आंघोळ केलीत का?'

मी खरं लिहिलं. 'नाही. दारात बसलेय.'

'सगळी करूच नका,' तिने लिहिलं. 'नुसते पाय. मी इथे थांबते.'

मला आधी रागच आला. माझेच शब्द मला! मग मी हसले, मग रडले, आणि मग चौकटीला धरून उभी राहिले. पाणी कोमट उरलं होतं. पाय धुतले. घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांवरून. बाहेर आले तर आई टॉवेल घेऊन उभी होती. ती खाली वाकली आणि माझे पाय पुसू लागली.

मग मी कंपनीचं पान उघडलं, त्या पहिल्या उत्तरापाशी गेले आणि कोपऱ्यातलं नखाएवढं वर्तुळ चष्मा लावून दोनदा तपासलं. त्यात थेंबू नव्हता, कोरी भिंतही नव्हती. माझा फोटो होता, मामेभावाच्या लग्नातला, सगळ्या मावश्यांना आणि अख्ख्या ऑफिसाला दिसणारा. खाली लिहिलं: 'पाय.'

थेंबूचं उत्तर तत्काळ आलं. आभार, उद्गारचिन्ह, मशीन क्रमांक कळवा.

मी काही कळवला नाही. त्याच्याखाली छत्रीने लिहिलं, 'उद्या तोंड.'